दात सरकतो तो हाडाच्या मर्जीने

मोबाइलच्या पडद्यावर आणि दातांच्या दवाखान्यांच्या काचांवर हल्ली एक जाहिरात वारंवार दिसते. हसऱ्या तरुणीच्या हातात दातांच्या आकाराचे पारदर्शक प्लास्टिकचे आवरण असते आणि खाली तारांपासून सुटका झाल्याची ग्वाही असते. ती पाहून ओळखीची मंडळी दोन प्रश्न विचारतात. हे अलाइनर खरोखर काम करतात का, आणि एवढे पातळ प्लास्टिक घट्ट बसलेल्या दाताला हलवते तरी कसे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात दडलेले असल्याने सुरुवात दुसऱ्यापासून करणे सोयीचे आहे.

भिंतीत खिळा ठोकलेला असावा तसा दात जबड्यात ठोकलेला असतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दाताचे मूळ आणि हाड एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढा, तंतूंचा पडदा असतो. त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. त्यात तंतूंबरोबर रक्तवाहिन्या, चेतातंतू, द्रव आणि पेशी असतात. सुपारी फोडताना दातावर कित्येक किलोंचा दाब येतो, पण तो क्षणभरच टिकतो. तेवढ्या वेळात पडद्यातील द्रवाला बाहेर पडायला सवड मिळत नाही, त्यामुळे तो उशीसारखा धक्का झेलतो आणि दात जागचा हलत नाही. उलट अवघ्या ५० ग्रॅमचा दाब तासन्‌तास राहिला, तर द्रव हळूहळू बाजूला सरतो, एका अंगाचे तंतू चेपले जातात आणि दुसऱ्या अंगाचे ताणले जातात.

खरी गंमत इथून पुढे आहे. चेपलेल्या बाजूला रक्तपुरवठा मंदावतो, पेशींचा आकार बदलतो आणि त्या रासायनिक संदेश सोडू लागतात. साधारण दोन दिवसांत तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, जमा होतात आणि खोबणीची भिंत आतून कोरू लागतात. ताणलेल्या बाजूला हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी नव्या हाडाचा थर चढवतात. एकीकडे खोदकाम आणि दुसरीकडे भराव असे दोन्ही चालू राहिल्याने दाताची खोबणीच सरकत जाते आणि दात तिच्याबरोबर जातो. स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. जास्त जोर लावल्यास काय होते, हेही त्यांना दिसले. रक्तवाहिन्या पूर्ण दाबल्या गेल्या की त्या ठिकाणच्या पेशी मरतात, पडदा काचेसारखा निर्जीव दिसू लागतो आणि ऑस्टिओक्लास्टना पुढून वाट मिळत नाही. त्या मागच्या बाजूने हाड पोखरत येतात, त्यात एक-दोन आठवडे जातात आणि तोवर दात अडून राहतो. त्यामुळे ‘जरा घट्ट आवळा, म्हणजे लवकर होईल’ ही रुग्णांची नेहमीची विनंती नेमकी उलट फळ देणारी आहे. दात महिन्याला सरासरी एक मिलिमीटर सरकला तरी चाल चांगली समजली जाते.

या पडद्याचे महत्त्व इम्प्लांटवरून, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरून, पटते. टायटॅनियमचा इम्प्लांट थेट हाडाशी जुळतो, मध्ये पडदा नसतो, म्हणून तो कितीही महिने दाबला तरी सरकत नाही. तार आणि अलाइनर हे दोघेही फक्त दाब देतात, सरकवण्याचे काम हाड करते.

अलाइनरची कल्पना जाहिरातींइतकी नवी नाही. अमेरिकेतील हॅरोल्ड केसलिंग यांनी १९४५ मध्ये रबराचे साधन मांडले होते आणि अशा साधनांची मालिका वापरून दात टप्प्याटप्प्याने हलवता येतील, असे सुचवले होते. ते व्यवहारात यायला संगणक लागला. आता तोंडाचे स्कॅन घेऊन संगणकावर दातांचे टप्पे आखतात, प्रत्येक टप्प्याचा साचा त्रिमितीय मुद्रणाने बनवतात आणि त्यावर पाऊण मिलिमीटर जाडीचा तापवलेला प्लास्टिकचा पत्रा दाबून बसवतात. एका अलाइनरने दात साधारण पाव मिलिमीटर सरकणे अपेक्षित असते, म्हणून एक-दोन आठवड्यांनी पुढचा चढवायचा.

मात्र दाताचा उघडा भाग वर आणि मूळ खाली हाडात, ही खरी अडचण आहे. दाताचे प्रतिरोधकेंद्र, म्हणजे ज्या बिंदूतून बल लावल्यास दात न कलंडता सरळ सरकेल तो बिंदू, मुळाच्या आत असतो. वरच्या भागाला ढकलले की दात कलतो. नुसता कलवायला ३५ ते ६० ग्रॅम बल पुरते, पण मुळासकट सरकवायला ७० ते १२० ग्रॅम लागते आणि बलाबरोबर एक बलयुग्मही, म्हणजे दाताला पीळ देणारी विरुद्ध दिशांच्या बलांची जोडीही, द्यावी लागते. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या चौकोनी खाचेत आयताकृती तार बसवली की ती पिळून हे बलयुग्म देता येते. गुळगुळीत दातावर प्लास्टिकची पकड तेवढी बसत नाही. म्हणून दातावर कॉम्पोझिटचे, म्हणजे दात भरायला वापरतात त्या पदार्थाचे, बारीक उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. तरीही गोलसर सुळा किंवा उपदाढ फिरवणे आणि दात खाली-वर ओढणे अलाइनरला जड जाते. शिवाय प्लास्टिकचा ताण चढवल्यापासूनच ओसरू लागतो, तर निकेल-टायटॅनियमची तार बराच काळ जवळजवळ सारखे बल देत राहते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संगणकाने आखलेल्या हालचालींपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात उतरल्या आणि २०२० च्या अभ्यासात हे प्रमाण ५० टक्के निघाले. संगणकाच्या पडद्यावर झरझर सरळ होणाऱ्या दातांची चित्रफीत अंदाज म्हणून पाहणे म्हणूनच चूक आहे. ती बल कुठे लावायचे याची आखणी आहे, आणि अर्ध्या वाटेवर पुन्हा स्कॅन करून नवे संच मागवणे हा उपचाराचाच भाग असतो.

ही आखणी तपासायला दवाखान्यात माणूस लागतो. पायोरियाने हाड झिजलेल्या दाताला बल लावले तर तो गमावण्याची वेळ येऊ शकते, आणि ते पोस्टाने आलेल्या डब्यावरून कळत नाही. घरपोच अलाइनर विकणारी अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अनेक ग्राहकांचे उपचार अर्धवट राहिले.

दुसऱ्या टोकाला जुनी भीती आहे. दातांना जागा व्हावी म्हणून कधी उपदाढा काढाव्या लागतात. तारा असोत वा अलाइनर, ती वेळ दोन्हींत येऊ शकते. वरची दाढ काढली की नजर जाते, या समजुतीने कित्येक घरांत तिथेच उपचार थांबतो. दृष्टीची चेता निराळी आणि वरच्या दातांची चेता निराळी, दाढेच्या चिमट्याचा दृष्टीशी संबंध येत नाही.

मग निवड कशी करावी? किरकोळ गर्दी, थोड्या फटी आणि शिस्तीचा प्रौढ रुग्ण असेल तर अलाइनर उत्तम. ते काढून दात घासता येतात, आणि कडक चकली किंवा ऊस खाताना ब्रॅकेट निसटण्याची धास्ती राहत नाही. मात्र ते दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवेत. न्याहारी, दोन जेवणे आणि ब्रश यांतच उरलेले तास संपतात. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो आणि रंगही चढतो, त्यामुळे दर तासाला कटिंग घेणाऱ्यांनी आधी चहाचा हिशेब करावा. काढून ठेवता येणे हा अलाइनरचा गुण, तोच त्याचा दोषही. दात बऱ्यापैकी सरकवायचे असतील, किंवा अलाइनर खिशात राहण्याची शक्यता असलेला किशोर समोर असेल, तर मी बेधडक तारांच्या बाजूने कौल देईन.

दोन्ही उपचारांचा शेवट मात्र रिटेनरनेच, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनानेच, होतो, कारण हिरडीतील लवचीक तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभरही लावतात आणि तोवर दाताला मागे खेचत राहतात. झिया चिश्ती यांनी १९९७ मध्ये केल्सी वर्थ यांच्यासह कॅलिफोर्नियात अलाइनरची पहिली मोठी कंपनी काढली, त्यामागची हकिकतही अशीच सांगितली जाते. तारा निघाल्यावर मिळालेला रिटेनर त्यांनी काही दिवस घातला नाही, दात सरकले, आणि पुन्हा घालायला लागल्यावर ते परत जागेवर आले.