नासपती भिंतीला कशी टेकली

इंग्लंडमध्ये जुनी म्हण आहे: नासपती लावावी ती वारसांसाठी. एके काळी ती अक्षरशः खरी होती. बीपासून वाढवलेल्या नासपतीच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळाकडच्या भागावर, कलम केलेले झाड दहा मीटरच्या वर जाते आणि नीट फळायला दहा-पंधरा वर्षे घेते. पुढे मात्र ते पिढ्यानपिढ्या टिकते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्स गावी एंडिकॉटचे झाड उभे आहे. ते १६३० च्या दशकात लावले असे मानतात.

आज परदेशातल्या रोपवाटिकेत नासपती घ्यायला गेले की उंच झाड, झुडूप, पिरॅमिड, एकाच खोडावर आखूड फुटवे ठेवलेले तिरके कॉर्डन, भिंतीवर आडव्या फांद्या पसरवलेले एस्पॅलिअर अशी नावे समोर येतात. ही निव्वळ हौस नाही. यातला जवळजवळ प्रत्येक आकार कुठल्या तरी अडचणीतून घडला आहे.

पहिली अडचण थंडीची. नासपती सफरचंदाच्या आधी फुलते, त्यामुळे वसंतातल्या उशिराच्या हिमकडाक्यात तिचा मोहोर सापडतो. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब परत देते. म्हणून उत्तर फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये झाडे भिंतीलगत आली. एस्पॅलिअर या शब्दाचे मूळ इटालियन भाषेत, खांद्यासाठी असलेल्या शब्दात आहे. झाडाने भिंतीला खांदा टेकला, असेच म्हणायचे.

या कलेला राजाश्रय मिळाला तो व्हर्सायला. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईसाठी झां-बाप्तिस्त द ला कॅंतिनी यांनी १६७८ ते १६८३ या काळात तिथे फळे-भाज्यांची बाग उभी केली. हे गृहस्थ शिक्षणाने वकील. जागा मिळाली ती दलदलीची. तिचा निचरा केला, भर घातली आणि सुमारे नऊ हेक्टरांत उंच भिंतींचे कप्पे पाडले. त्या भिंतींवर नासपती पसरली. सगळ्या फळांत ला कॅंतिनींचा जीव तिच्यावर होता, त्यातही हिवाळ्यात खाण्याजोग्या होणाऱ्या ‘बों क्रेतिएं’ जातीवर. १६८८ मध्ये ते वारले, पण बाग आजही आहे आणि तिथे झाडांना अजून वळण दिले जाते.

नासपती हे सगळे सोसते, कारण तिचे फळ जुन्या लाकडावरच्या आखूड, गाठाळ फुटव्यांवर येते. हे फुटवे वर्षानुवर्षे तिथेच फळत राहतात, म्हणून सांगाडा एकदा बसवला की दर वर्षी नवी वाढ छाटली तरी चालते. शिवाय फांदी आडवी केली की तिची सरळ वर धावण्याची ओढ कमी होते आणि फळडोळे जास्त धरतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला हे नवीन वाटणार नाही. त्याचा ओलांडा म्हणजे आडवे बांधलेले लाकूडच.

पण आकारापेक्षा मोठा शोध मला खुंटाचा वाटतो. बिहीच्या, म्हणजे ज्याच्या बिया आपल्याकडे बिहीदाणा म्हणून मिळतात त्या झाडाच्या, खुंटावर नासपतीचे कलम केले की झाड ठेंगणे राहते आणि लवकर फळते. (विदर्भात काही ठिकाणी पेरूला बिही म्हणतात, ती ही नव्हे.) फ्रान्समध्ये १७ व्या शतकात हे खुंट रुळलेले होते. मात्र रोपवाटिकांमध्ये ते सरमिसळ झालेले असत आणि झाड किती वाढेल याचा भरवसा नसे. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग येथे १९१३ मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे रोनाल्ड हॅटन यांनी खुंट निवडून, वेगळे करून त्यांना नावे दिली. ‘क्विन्स ए’ आणि ‘क्विन्स सी’ ही नावे तिथलीच.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच माळ्यांनी मेणबत्त्यांच्या झुंबरासारखे आकारही काढले. दिसायला सुंदर, पण घरच्या बागेत ते निभावणे कठीण.

तेव्हा आकार ठरवण्याआधी खुंट विचारावा. ‘क्विन्स ए’वरचे झाड तीन ते साडेचार मीटर होते, भिंतीवर चाळीसेक सेंटिमीटर अंतराच्या आडव्या फांद्यांसाठी मी तोच घेईन. ‘क्विन्स सी’ त्याहून ठेंगणा आणि कॉर्डनला सोयीचा, पण त्याला सुपीक, ओल धरणारी जमीन लागते. आणि ‘विल्यम्स’ जात हवी असेल, तर खुंट आणि कलम यांच्यामध्ये ‘ब्युरे हार्डी’सारख्या जातीचा तुकडा घातला आहे का, हे आधी विचारून घ्यावे. ‘विल्यम्स’चे बिहीशी थेट जमत नाही, आणि कच्चा राहिलेला जोड पुढे कधीही मोडू शकतो.