लवचीक कार्यवेळ

लवचीक कार्यवेळ : कामाचे एकूण तास कायम ठेवून ते केव्हा भरावयाचे, हे ठरविण्याची मुभा काही मर्यादेत कर्मचाऱ्यालाच देणारी पद्धत. तीत दिवसाचे दोन भाग पडतात. एक, सर्वांनी हजर असलेच पाहिजे असा गाभ्याचा काळ. दुसरा, त्याच्या अलीकडची-पलीकडची सैल वेळ. कमी-अधिक भरलेले तास महिनाअखेर जुळवून घेतात किंवा ठरावीक मर्यादेपर्यंत पुढच्या महिन्यात ओढतात. पाळ्यांचे काम व कार्यालयांच्या वेळा पुढे-मागे करणे यांनाही पुष्कळदा हेच नाव दिले जाते; मात्र त्यांत वेळेची निवड मालकाच्या हाती राहते, म्हणून प्रस्तुत नोंदीत ते प्रकार वेगळे मानले आहेत.

या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग बहुधा १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीत, म्यूनिकजवळच्या ओटोब्रुन येथील विमान व अवकाश उद्योगात झाला. जर्मनमधील ‘ग्लाइट्साइट’ या नावाचा अर्थ ‘सरकती वेळ’. अनेक संदर्भग्रंथांत या उद्योगाचे नाव ‘मेसरश्मिट-ब्योल्को-ब्लोम’ असे दिलेले असते. ते त्या वर्षाशी जुळत नाही. ब्योल्को व मेसरश्मिट या कंपन्या १९६८ मध्ये एकत्र आल्या आणि ‘ब्लोम’ हे नाव त्यांना १९६९ मध्ये जोडले गेले. १९६७ हे वर्ष ग्राह्य धरल्यास केवळ ‘ब्योल्को’ म्हणणेच बरोबर.

प्रयोगाच्या कारणाबाबत दोन मते आहेत. एका मतानुसार सकाळी एकाच वेळी फाटकाशी होणारी वाहनांची कोंडी फोडणे एवढाच हेतू होता. दुसरे मत क्रिस्टेल केमेरर या अर्थतज्ज्ञ महिलेच्या मांडणीवर भर देते. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर पूर्वेकडून येणारे मनुष्यबळ थांबले आणि कामगारांचा तुटवडा वाढला. घर-मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांना नोकरीत आणायचे तर कामाची वेळ सैल करावी लागेल, असा केमेरर यांच्या मांडणीचा रोख होता. कोंडीच्या कारणाने त्या एका कारखान्याचा निर्णय उलगडतो; पद्धत इतरत्र का पसरली, याचे उत्तर मात्र दुसऱ्या मतात अधिक मिळते.

तासांची मोजणी ही सुरुवातीची खरी अडचण होती. हजेरीच्या जुन्या घड्याळात आल्या-गेल्याची वेळ छापली जाई आणि उशिराचा ठपका त्यावरूनच बसे. विली हालर या जर्मन उद्योजकाचे नाव ज्यांच्याशी निगडित आहे त्या मोजणी-यंत्रांत केवळ भरलेल्या तासांची बेरीज होत असे. हा बदल वरकरणी किरकोळ दिसला, तरी उशीर ही कल्पनाच त्यामुळे बाजूला पडली.

दूरस्थ कामाची परंपरा वेगळी आहे. ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द जॅक निल्स यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत रूढ केला. त्यामागे शहरी वाहतुकीचा विचार होता. लवचीक वेळेला कायद्याचा आधारही मिळत गेला. नेदरलँड्समध्ये २००० च्या कायद्याने कामाचे तास कमी-अधिक करून मागता येऊ लागले. ब्रिटनमध्ये २००३ पासून लहान मुलांच्या पालकांना आणि २०१४ पासून २६ आठवडे नोकरी झालेल्या सर्वच कर्मचाऱ्यांना लवचीक वेळेसाठी अर्ज करता येऊ लागला; २६ आठवड्यांची अट २०२४ मध्ये निघाली. हा हक्क अर्जाचा आहे, मंजुरीचा नव्हे. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार (क्र. १५६, १९८१) भारताने स्वीकारलेला नाही.

भारतात या विषयाचा कायदा मुख्यतः मातृत्वाच्या अंगाने आला. प्रसूती लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असल्यास, परस्परसंमतीने घरून काम करण्याची सोयही तीत होती. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये ही सक्ती ३० हून अधिक महिला कामगार असल्यास लागू होई. केवळ स्त्रियांची संख्या मोजली की ती मर्यादेच्या आत ठेवण्याचा मोह मालकाला होतो. सर्व कर्मचारी मोजल्याने ही पळवाट बंद झाली. पित्याचा विचार या दुरुस्तीत नव्हता. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातील बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७. या आकड्यांपुढे ती उणीव गंभीर ठरते.

चूल सांभाळून करावयाचे काम महाराष्ट्रात ओटोब्रुनपेक्षा जुने आहे. सोलापूर व सिन्नरकडील स्त्रिया पाने-तंबाखू घरी नेऊन विड्या वळत. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगातही मळलेले पीठ घरी न्यायचे आणि लाटलेले पापड परत आणून द्यायचे, हीच रीत रुळली. येथे वेळ सर्वस्वी स्त्रीची असते. मात्र मोबदला तासांवर नव्हे, नगावर किंवा वजनावर मिळतो. त्यामुळे आजारी मुलापाशी गेलेला दिवस तिच्याच मजुरीतून वजा होतो. विडी व सिगार कामगार अधिनियम, १९६६ ने घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार म्हणून मान्यता दिली.