रानातली खाजकुयली आणि शेतातली बिनखाजेची कुयली

पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यात खाजकुयलीची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात करवंदीच्या जाळ्यांवर आणि बांधावरच्या झाडांवर तो वेल बिनबोभाट चढतो. दिवाळीच्या सुमारास त्याला जांभळ्या फुलांचे लोंबते घोस येतात आणि पुढे शेंगा वाळल्या की गवत कापायला गेलेल्या माणसांची मान, हात आणि बैलांच्या पाठी त्याची खूण घेऊन परततात. दुसरीकडे, हिरवळीचे खत म्हणून ‘वेल्वेट बीन’ किंवा नुसतीच ‘मुकुना’ या नावाने बी मिळते. ते पेरले की उगवणारा वेल हुबेहूब याच खाजकुयलीसारखा दिसतो. त्यामुळे एक जण घाबरून चांगले पीक उपटून टाकतो, तर दुसरा ‘ही खाजेची नव्हे, म्हणजे निर्धोक’ असे समजून तिचे बी शिजवायला घेतो. यांतली दुसरी चूक अधिक महागात पडणारी आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन झाडे दोन जाती नाहीत. वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने डॉलिकॉस या प्रजातीत घातलेला हा वेल १८२५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ दी कांदोल यांनी म्युक्युना प्रुरियन्स या नावाखाली आणला. बिनखाजेच्या वेलाला पूर्वी म्युक्युना युटिलिस असे स्वतंत्र नाव होते. आज मात्र तो त्याच जातीचा युटिलिस हा प्रकार मानला जातो. म्हणजे एकाच जातीचा एक प्रकार रानात राहिला आणि दुसरा माणसाने निवडून शेतात आणला. निवड मुख्यतः एकाच गोष्टीची झाली, ती म्हणजे शेंगेच्या अंगावरची लव. शेंगेच्या आत काय आहे, याकडे त्या निवडीत फारसे कुणी पाहिलेले दिसत नाही.

शेंगा येईपर्यंत दोघांतला फरक सांगणे जवळजवळ अशक्य आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. दोघांचीही पाने त्रिदली असतात. मधले दल दोन्ही बाजूंनी सारखे असते, तर बाजूची दोन दले तिरकी, एका अंगाला फुगलेली असतात. घेवडा आणि पावट्याचीही पाने त्रिदली असल्याने कोवळेपणी गोंधळ होतो, परंतु कुयलीच्या पानाची खालची बाजू रेशमी लवेची असते आणि बाजूच्या दलांचा तिरकेपणा डोळ्यांत भरण्याइतका असतो. फुलांच्या रंगावर विसंबू नये, कारण लागवडीच्या वाणांत पांढरी आणि जांभळी अशी दोन्ही फुले आढळतात.

शेंग भरली की मात्र शंकेला जागा उरत नाही. रानटी शेंग साधारण बोटाएवढी, दोन्ही टोकांना उलटसुलट वळलेली आणि लांबीच्या दिशेने कंगोरे असलेली असते. तिच्यावर सोनेरी-तपकिरी, ताठ उभ्या केसांचे दाट आवरण असते आणि पिकल्यावर ते केस नुसत्या झुळकेनेही सुटतात. लागवडीच्या शेंगेवरची लव राखाडी किंवा पांढरट, मऊ आणि अंगाला चिकटून बसलेली असते. बोट फिरवले तर मखमलीचा भास होतो. अर्थात बोट फिरवून खात्री करण्याचा प्रयोग कुणी करू नये. उन्हाच्या दिशेने धरून लांबूनच पाहावे: केस उभे आणि तांबूस चमकत असतील तर ती रानटी.

त्या केसांचे काम समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक केस म्हणजे एक टोकदार सुई असते आणि तिच्यात म्युक्युनेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते. शिवाय सेरोटोनिनही असते. सुई कातडीत शिरली की हे विकर तिथल्या चेतातंतूंवरील विशिष्ट ग्राहकांना चेतवते आणि खाज सुटते. ही खाज मुख्यतः हिस्टामिनच्या मार्गाने येत नाही, म्हणून पित्त उठल्यावर घेतल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळीने तिला फारसा उतार पडत नाही. चोळल्याने सुया मोडून आत रुततात आणि शेजारच्या जागी पसरतात. खेड्यांत शेण किंवा ओली माती लावून वाळल्यावर खरवडून काढण्याची रीत आहे. तिच्यामागचा विचार केस उपटून काढण्याचाच आहे, पण तेच काम चिकटपट्टी अधिक स्वच्छपणे करते. त्यानंतर साबण व भरपूर पाणी वापरावे आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. केस डोळ्यांत गेले तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा. गंमत अशी, की हेच केस मधात किंवा काकवीत कालवून जंतांवर देण्याची पद्धत एके काळी युरोपातल्या वैद्यकातही रूढ होती.

आता बियांकडे वळू. रानटी बी बहुधा काळे किंवा ठिपकेदार, चकचकीत. लागवडीचे पांढरे, राखाडी, काळे किंवा चित्रविचित्र, आणि आकाराने बरेचदा थोडे मोठे. दोन्ही बिया शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिल्या तर देठ चिकटण्याच्या जागेभोवती उंच, मलईच्या रंगाची कड दिसते, आणि ती दोघांतही सारखीच असते. सांगलीच्या काष्ठौषधींच्या दुकानांत ‘सफेद कौंच’ आणि ‘काळी कौंच’ असे दोन्ही माल ठेवलेले असतात; कौंच हे कुयलीच्या बियांचे बाजारातले नाव. पांढरे बी बहुतेक वेळा लागवडीच्या वेलाचे असते. ती भेसळ म्हणता येत नाही, पण आपण काय घेतो आहोत हे गिऱ्हाइकाला ठाऊक असावे.

‘जेवढी खाज, तेवढा गुण’ असे या बाबतीत ऐकायला मिळते. त्यात तथ्य नाही, कारण खाज शेंगेच्या सालीवर असते आणि औषधी द्रव्य बीच्या आत. हे द्रव्य म्हणजे लेव्होडोपा. १९१३ साली गुगेनहाइम यांनी ते बाकल्यातून (घेवड्यासारख्या एका शेंगभाजीतून) वेगळे केले, तर कुयलीच्या बियांतून ते मद्रासचे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली मिळवले. १९६० च्या दशकात कंपवातावरचे औषध म्हणून त्याचे महत्त्व सिद्ध झाले. वाळलेल्या बियांत त्याचे प्रमाण साधारण तीन ते सात टक्के आढळते, वाणागणिक बदलते, आणि बिनखाजेचा वाण त्याला अपवाद नाही. शेंग खुडताना हाताला लागलेला रस वाळल्यावर काळा पडतो, तो याच द्रव्यामुळे.

आयुर्वेदात हे बी आत्मगुप्ता किंवा कपिकच्छू या नावांनी वातविकारांवर व वाजीकरणासाठी येते, पण दुधात उकळून, साल काढून, म्हणजे शोधन करूनच. जावा बेटावर बिया भिजवून, उकळून, आंबवून टेंपे नावाच्या वड्या करतात. या दोन्ही ठिकाणी उकळण्याचे दूध किंवा पाणी फेकून देण्याला महत्त्व आहे, कारण बीतले लेव्होडोपा काही अंशी त्यात उतरते. १९८९ साली मोझांबिकमध्ये युद्ध आणि दुष्काळाच्या काळात पाण्याच्या टंचाईमुळे लोकांनी शिजवलेल्या बियांचे पाणी टाकले नाही, आणि दोनशेहून अधिक माणसांना भ्रमासारखी तीव्र मानसिक लक्षणे झाली. म्हणून परसात पिकवलेल्या बियांची उसळ करणे किंवा त्यांची पूड स्वतःच्या मनाने घेणे टाळावे. रक्तदाब, नैराश्य किंवा कंपवाताची औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर नक्कीच.

शेतात मात्र लागवडीच्या वेलाला तोड नाही, असे माझे मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या दक्षिण भागात तो मक्याबरोबर चारा आणि खत म्हणून पेरला गेला. मुळांवरच्या गाठींतून तो हवेतला नत्र स्थिर करतो, दाट सावलीने तण दाबतो, आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या त्याच्या फेरपालटीने घटते, ही गोष्ट हळद, डाळिंब आणि द्राक्षे घेणाऱ्यांच्या कामाची आहे. परंतु तागासारखा तो उभा वाढत नाही; मिळेल त्या आधारावर चढतो. म्हणून उभ्या उसात किंवा बागेच्या ओळींत तो घेऊ नये. पूर्वहंगामी उसाआधी रिकाम्या राहणाऱ्या रानात जूनमध्ये पेरून, फुलोऱ्याच्या आधी गाडणे सोयीचे पडते. बी धरायचेच असेल तर एक ओळ मागे ठेवावी आणि पहिल्याच शेंगा उन्हात निरखाव्यात. एखाद्या वेलावर तांबूस, उभे केस दिसले तर शेंगा हिरव्या असतानाच, हातमोजे घालून आणि वारा पडलेला पाहून, तो वेल मुळापासून कापावा.

सह्याद्रीच्या जंगलात मोठी खाजकुयली म्हणून आणखी एक वेल आहे, ती जात निराळी. तिचे बी मोठे, गोलसर आणि चपटे असते व देठाच्या जागेची काळी पट्टी त्याच्या कडेने बरीच फिरते, त्यामुळे कौंच म्हणून ते कुणी पुढे केले तर लगेच ओळखता येते.