नाशिकच्या पोरांचं फुटबॉल रजिस्ट्रेशन: पात्रता, कागदपत्रं आणि आयएसएलपर्यंतची वाट

"पोरगा लय भारी खेळतो, आयएसएलचा फॉर्म कुठं मिळेल?" हा प्रश्न मला ग्राउंडवर दर रविवारी कोणीतरी विचारतंच. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग, आणि तिचा असा फॉर्मच नसतो. कोणी पैसे घेऊन फॉर्म देतो म्हणाला तर सरळ घरी या.

आधी रचना समजून घ्या. 1996 ला नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, पहिला चॅम्पियन पंजाबचा जेसीटी क्लब, मग 2007 ला तिची आय-लीग झाली आणि 2014 ला 8 टीम घेऊन आयएसएल आली, पण तेव्हा त्यात शहरांच्या आणि राज्यांच्या नावाच्या टीम होत्या आणि खालून कोणी वर जाऊ शकत नव्हतं. ते दार उघडलं 2023 ला, आय-लीग जिंकून पंजाब एफसी वर गेली, पुढच्या वर्षी कोलकात्याची मोहम्मडन. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच, कारण त्यामुळं आयएसएल, आय-लीग, आय-लीग 2, आय-लीग 3 आणि खाली राज्याच्या लीग अशी शिडी तयार झाली. आपल्याकडं गोल्फ क्लब ग्राउंडवर क्रिकेटचीच गर्दी, आयएसएलमधली पुणे सिटीची टीमही 2019 ला बंद झाली, त्यामुळं नाशिकच्या पोराला खालच्या पायरीपासूनच चढावं लागतं.

आता रजिस्ट्रेशन. खेळाडू स्वतः करत नाही, क्लब करतो. क्लब जिल्हा असोसिएशनकडं आणि त्यावरून विफाकडं, म्हणजे महाराष्ट्राचं फुटबॉल बघणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडं, संलग्न हवा, मग तो एआयएफएफच्या, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या, सीआरएस नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवर नाव चढवतो. अकॅडमीत ॲडमिशन घेतली म्हणजे रजिस्ट्रेशन झालं असं नाही, बरेच पालक इथंच फसतात. प्रवेशाआधीच विचारा, "तुमचा क्लब सीआरएसवर आहे का?"

कागद तसे थोडेच. जन्म दाखला, आधार किंवा पासपोर्ट, फोटो, आणि 18 च्या आतल्या पोराला आईवडिलांची सही. पण खरी गोची दाखल्यात असते. माझ्या भाच्याच्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागाच कोरी होती, जन्म झाला तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि नंतर कोणी नाव लावायला गेलंच नाही. त्यात आधारवर वडिलांचं नाव दत्तात्रेय, शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय. एका मात्रेपायी ताईने तीन चकरा मारल्या आणि तोपर्यंत त्याची अंडर-15 ची एंट्री गेली, पोरगं दोन दिवस जेवलं नाही नीट. म्हणून स्पर्धा जाहीर व्हायची वाट बघू नका. दाखल्यात नाव नसेल तर जिथं जन्माची नोंद झाली तिथंच, म्हणजे शहरात महापालिका आणि गावात ग्रामपंचायत, अर्ज करायचा. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते, त्याला वेळ जातो.

वय कमी दाखवायचा मोह मात्र अजिबात नको. मनगटाच्या हाडाची तपासणी होऊ शकते, त्यात वय उघडं पडतं आणि वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते.

क्लब बदलायचा असेल तर सिस्टीमवरच ट्रान्सफर टाकावी लागते, तीही ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे क्लब बदलायचा ठरलेला काळ, उघडी असताना, नुसतं दुसरीकडं प्रॅक्टिसला जाऊन चालत नाही. एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबकडं रजिस्टर होता येतं पण ऑफिशियल मॅच साधारण दोघांकडूनच. पोरगा परदेशात कुठल्या क्लबकडं नोंदलेला असेल तर तिकडच्या फेडरेशनचं आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं. आणि कोणी करार पुढं केला तर नीट वाचा, 18 च्या आत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार फिफाच्या नियमात बसत नाही.

नोंद झाली की क्लबकडून रजिस्ट्रेशन नंबर मागून घ्या, स्पेलिंग आणि जन्मतारीख तिथल्या तिथं तपासा आणि फी भरल्याची पावती त्याच फाईलला लावा.