गौरवठराव आणि मतदारसंघातील लोकसंपर्क (अमेरिकेतील राज्य विधिमंडळे)

अमेरिकेतील राज्य विधिमंडळांचे सदस्य कायदे करण्याबरोबरच मतदारसंघात दोन कामे सातत्याने करतात : रहिवाशांच्या अडचणी ऐकून त्या मार्गी लावणे आणि गावपातळीवर सार्वजनिक सेवा करणाऱ्या व्यक्तींचा व संस्थांचा विधिमंडळाच्या वतीने गौरव करणे. ही कामे सहसा वेगवेगळी समजली जातात. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्याची किंमत पहिल्यावर ठरते, कारण जो सदस्य आपल्या भागात फिरतो, त्यालाच कोणाच्या सेवेची दखल घ्यायची राहून गेली आहे हे कळते.

देशातील ५० राज्यांच्या विधिमंडळांत मिळून ७,३०० हून अधिक सदस्य आहेत. नेब्रास्काचे विधिमंडळ १९३७ पासून एकसदनी आहे. उर्वरित सर्व राज्यांत दोन सभागृहे आहेत. एका सदस्यामागील लोकसंख्येत राज्याराज्यांत प्रचंड तफावत आढळते. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधिगृहात ४०० सदस्य असल्याने एका सदस्यामागे सुमारे ३,४०० रहिवासी येतात. त्याचे मानधन वर्षाला १०० डॉलर असून ते १८८९ पासून बदललेले नाही. याउलट कॅलिफोर्नियाच्या सिनेटचे सदस्य केवळ ४० असून २०२० च्या जनगणनेनुसार प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ९ लाख ८८ हजार लोक येतात, म्हणजे राष्ट्रीय प्रतिनिधिगृहाच्या सदस्यापेक्षाही अधिक. पहिल्या ठिकाणी सदस्य आपल्या मतदारांपैकी अनेकांना नावाने ओळखू शकतो. दुसऱ्या ठिकाणी हीच ओळख कार्यालय आणि कर्मचारी यांच्यामार्फत टिकवावी लागते.

मोठ्या राज्यांत लोकसंपर्काचे केंद्र म्हणजे मतदारसंघातील संपर्क कार्यालय. तेथील कर्मचाऱ्यांचा बहुतेक वेळ वैयक्तिक प्रकरणांत जातो : अडकलेला बेकारी भत्ता, वाहन परवान्यातील चूक, परिचारिकेच्या व्यवसाय परवान्याचे रखडलेले नूतनीकरण. २०२० च्या महासाथीत बेकारी भत्त्याच्या तक्रारींचा इतका पूर आला की, अनेक कार्यालयांना काही काळ दुसरे काम जवळपास बाजूला ठेवावे लागले. या कामात कोणता प्रश्न कोणाच्या अखत्यारीत येतो, हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे असते. पारपत्र आणि सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन हे राष्ट्रीय शासनाचे विषय आहेत, तर रस्त्यावरील खड्डा राज्याचा, परगण्याचा किंवा शहराचा असू शकतो. ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढेच सांगून फोन ठेवणारे कार्यालय आणि योग्य खात्यातील माणसाला स्वतः फोन लावून देणारे कार्यालय यांतील फरक मतदार वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो. याशिवाय सदस्य खुल्या सभा घेतात, ग्रंथालयात किंवा कॉफीच्या दुकानात ठरलेल्या वेळी भेटीसाठी बसतात आणि शाळांच्या व अग्निशमन दलांच्या कार्यक्रमांना हजेरी लावतात.

गौरवाचे स्वरूप राज्यागणिक बदलते. सदस्याच्या सहीचे साधे प्रशस्तिपत्र, सभागृहाची मुद्रा असलेले मानपत्र आणि सभागृहाने संमत केलेला गौरवठराव, अशा त्याच्या साधारण चढत्या पायऱ्या आहेत. या ठरावाला कायद्याचे बळ नसते आणि त्यातून कोणाला पैसा किंवा अधिकार मिळत नाही. मात्र तो विधिमंडळाच्या अधिकृत दप्तरात कायमचा नोंदला जातो. त्याची भाषा ठरीव असते. प्रत्येक परिच्छेद ‘ज्याअर्थी’ने सुरू होतो आणि शेवटी ‘त्याअर्थी’ येऊन सभागृह अभिनंदन व्यक्त करते. एखाद्या लहान गावच्या अग्निशमन दलप्रमुखाच्या निवृत्तीचा ठराव घेतला, तर पहिल्या परिच्छेदात ते दलात दाखल झाले ते वर्ष, पुढे त्यांनी घेतलेली प्रशिक्षणे, एखाद्या पुराच्या किंवा वणव्याच्या रात्रीचे काम, नंतर कुटुंबाचा उल्लेख आणि अखेरीस ठरावाची सुबक प्रत त्यांना द्यावी, असा निर्देश असतो. मसुदा बहुधा कर्मचारी लिहितात, तपशील घरचे लोक व सहकारी पुरवतात. ठराव जिवंत वाटतो की छापील, हे या तपशिलांवरच अवलंबून असते. ‘समाजाची अमूल्य सेवा केली’ हे वाक्य कोणालाही लागू पडते, पुराच्या रात्री कोणता पूल बंद केला हे एकालाच.

अमेरिकेतील अग्निशमन कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे अशा दलांना ठरावांत इतके स्थान का मिळते ते समजते. ग्रंथपाल, शाळेबाहेर मुलांना रस्ता ओलांडून देणारे रक्षक, मतदान केंद्रांवर काम करणारे नागरिक, माजी सैनिक, तसेच २१ कौशल्यपदके आणि एक सेवाप्रकल्प पूर्ण करून ‘ईगल स्काउट’ (बालवीर चळवळीतील सर्वोच्च श्रेणी) झालेली मुले यांचाही गौरव होतो. काही उपक्रम ठरावीक काळाने होतात. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभा सदस्या बेव्ह हॅन्सन आणि सॅली टॅनर यांच्या लक्षात आले की, महिला इतिहास महिन्यासाठी राजधानीत कोणताही कार्यक्रम ठरलेला नाही. त्यांनी प्रत्येक मतदारसंघातून एका महिलेला विधानभवनात बोलावून सन्मानित करण्याची कल्पना मांडली, आणि ‘वुमन ऑफ द इयर’ ही प्रथा तेव्हापासून चालू आहे.

ठरावांची संख्या वाढली की, ते न वाचताच संमत होतात, हा या प्रथेवरील सर्वांत गंभीर आक्षेप होय. १९७१ च्या एप्रिलमध्ये टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात वेको येथील सदस्य टॉम मूर यांनी आल्बर्ट डिसाल्वो याच्या ‘लोकसंख्या नियंत्रणा’तील कार्याचा गौरव करणारा ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला. डिसाल्वो हा बॉस्टनमधील स्त्रियांच्या खूनसत्राची कबुली दिलेला इसम होता. सहकारी काय संमत करतात ते वाचत नाहीत, एवढेच दाखवायचे होते, असे सांगून मूर यांनी ठराव मागे घेतला. दुसरा आक्षेप निवडणुकीचा. सरकारी खर्चाने अभिनंदनपत्रे पाठविणे आणि प्रचार करणे यांतील सीमा पुसट असते, म्हणून कॅलिफोर्नियात एका महिन्यात सारख्या मजकुराची २०० हून अधिक पत्रे सरकारी खर्चाने पाठविण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. इलिनॉयमध्ये सदस्यांना राज्य विद्यापीठांतील शिष्यवृत्त्या वाटण्याचा अधिकार १९०५ पासून होता. ओळखीपाळखीच्या कुटुंबांना त्या दिल्याची प्रकरणे उघड झाल्यावर तो २०१२ मध्ये रद्द झाला. प्रशस्तिपत्रात पैशाचा लाभ नसणे ही त्याची मर्यादा वाटते, पण त्याचे संरक्षणही त्यातच आहे.

मृत्यूनंतरचा गौरव थोडा वेगळा असतो. अनेक सभागृहे शोकप्रस्ताव संमत करतात. कॅलिफोर्नियात सदस्य आपल्या भागातील दिवंगत नागरिकाचे कार्य थोडक्यात सांगतात आणि त्या दिवसाची बैठक त्या व्यक्तीच्या स्मरणार्थ तहकूब केली जाते. कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या पोलिसांची, अग्निशमन जवानांची आणि सैनिकांची नावे महामार्गांच्या भागांना व पुलांना देण्याचे ठरावही त्याच विधिमंडळात होतात. मात्र तेथील ठराव नाव देतो, फलक देत नाही. फलकाला किती खर्च येईल ते परिवहन विभागाने ठरवायचे आणि राज्याच्या तिजोरीबाहेरून तेवढी देणगी जमा झाली की, मगच तो उभारायचा, अशी तरतूद ठरावातच असते. त्यामुळे ती रक्कम बहुधा कुटुंबीय, सहकारी आणि गावकरी मिळून उभी करतात.