कोंबडीच्या खाद्यात चुना, डीसीपी, मँगनीज आलं कुठून?

टेरेसवर चार गावठी कोंबड्या पाळायचं फॅड आता नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीपर्यंत आलंय आणि त्यासोबत एक प्रश्न हमखास येतो, की आमची आजी तर काही मिनरल मिक्स्चर वगैरे देत नव्हती, मग आता कशाला? आजी देत होती, फक्त पाकिटातून नाही. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांमागे तिसऱ्या, खुबे, कालवं यांची टरफलं पडलेली असायची, जवळा-सुकटीचा चुरा असायचा, कोंबडी दिवसभर उकिरडा उकरायची, माती-किडे खायची, ऊन खायची. आणि अंडी द्यायची थोडीच, मधे खुडूक बसली की तीपण बंद.

हिशोब करा. अंड्याचं टरफल म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट, एका टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम. फार्मवरची लेअर (खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी) वर्षाला 300 च्या वर अंडी देते म्हणजे 600 ग्रॅम कॅल्शियम बाहेर, आणि तिच्या अख्ख्या सांगाड्यात असतं जेमतेम 20 ग्रॅम! म्हणून लेअर फीडमध्ये कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं आणि पिल्लांच्या फीडमध्ये फक्त एकच्या आसपास. पिल्लांना चुकूनही लेअर फीड घालू नका, किडन्या जातात.

हा हिशोब जुना आहे. 1799 मध्ये वोकलँ नावाच्या फ्रेंच केमिस्टने कोंबडीला नुसते ओट्स खायला घातले आणि खाल्लेला चुना (म्हणजे कॅल्शियमच) किती, टरफलातून आणि विष्ठेतून बाहेर पडलेला किती ते मोजलं, तर बाहेरचा जास्त भरला. यावरून कोंबडी पोटात चुना तयार करते असं म्हणणारे नंतर बरेच निघाले, काही अजूनही आहेत. खरं उत्तर हाडात होतं. 1934 मध्ये कबुतरांच्या मादीत दिसलं की अंडी द्यायच्या वेळी हाडांच्या पोकळीत एक वेगळं, तात्पुरतं हाड तयार होतं. कोंबडीतही तेच. टरफल बनायला 20 तासांच्या आसपास लागतात, त्यातला बराच वेळ रात्रीचा, तेव्हा कोंबडी काही खात नाही, मग आतडं रिकामं झालं की कॅल्शियम या हाडातून काढलं जातं.

बाकीची मिनरल्स कोंबडीला आत कोंडल्यावर कळली, माझ्या मते सगळ्या इतिहासाचं मूळ इथेच आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनला लक्षात आलं की शेडमधली पिल्लं पायाने अधू होतात, काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कॉड लिव्हर ऑइल दिलं तर ठीक होतात, म्हणजे ड जीवनसत्त्वाशिवाय नुसतं कॅल्शियम ओतून फायदा नाही. मग पायाचा स्नायुबंध सरकून पाय वाकडा होणारा पेरोसिस आला. लोक हाडांचा चुरा वाढवत गेले आणि त्याने उलट जास्तच बिघडलं, कारण जादा कॅल्शियम-फॉस्फरस मँगनीज शोषू देत नाही. 1936 मध्ये विल्गस, नॉरिस आणि ह्यूजर यांनी मँगनीजच कमी पडतंय हे दाखवलं आणि चिमूटभर मँगनीजने काम झालं. 1950 च्या दशकात पिंजरे आले तसा केज लेअर फटीग आला, म्हणजे हाडं पोकळ होऊन कोंबडी उभीच राहत नाही.

आपल्याकडे कमर्शियल लेअर फार्मिंग नंतर पसरलं, पुण्यात बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज 1971 मध्ये सुरू केली, पुढे 1982 मध्ये एनईसीसी ही अंडी उत्पादकांची संघटना आली. फीड मुख्यतः मका-सोयाचं, आणि त्यातला बहुतेक फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो जो कोंबडीला पचत नाही, म्हणून वरून डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट. डीसीपी महाग, शिवाय न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून जमिनीत-पाण्यात जातो, या कटकटीतून नेदरलँड्समध्ये 1991 मध्ये फायटेट फोडणारं फायटेज एन्झाइम बाजारात आलं.

आता टेरेसवाल्यांसाठी. लेअर फीड घ्या आणि शिंपल्याचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, पावडर नको. जाड तुकडे पोटातल्या गिझर्डमध्ये (दाणे दळणाऱ्या पिशवीत) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, नेमकं टरफल बनत असताना. भांडं दुपारनंतर भरा, कोंबडी संध्याकाळकडेच जास्त टोचते, आणि कोंबड्याला तो चुरा लागत नाही त्यामुळे सगळ्यांच्या खाद्यात मिसळू नका.