वाक्यशुद्धी (स्पर्धा परीक्षा)

वाक्यशुद्धी हा मराठीच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकांतला नेहमीचा प्रश्नप्रकार. ‘पुढीलपैकी शुद्ध वाक्य ओळखा’ असे विचारून चार पर्याय दिले जातात. लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षांपासून तलाठी व पोलीस भरतीपर्यंत तो भेटतो.

यात सगळ्यात जास्त गुण जातात ते प्रयोगावर, म्हणजे क्रियापद कर्ता-कर्मापैकी कोणाशी जुळते यावर. ‘मी पोळी खाल्ली’ हा कर्मणी प्रयोग. क्रियापद पोळीचे लिंग-वचन घेते, खाणारा पुरुष असो की बाई. सोलापूर-लातूरकडच्या बोलीत मात्र ‘मी काम केलो’ असे सर्रास म्हणतात. तिकडच्या उमेदवाराच्या कानाला ते खटकत नाही आणि पर्याय नेमका तिथेच पेरलेला असतो. बोली चुकीची नव्हे, पण तपासली जाते ती प्रमाणभाषा. त्याहून गमतीचे वाक्य म्हणजे ‘तू चिठ्ठी लिहिलीस’. ‘लिहिली’ हे रूप चिठ्ठीमुळे आणि शेवटचा ‘स’ ‘तू’मुळे! कर्ता आणि कर्म दोघांशी जुळणाऱ्या या रचनेला व्याकरणकार कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. ती शुद्धच आहे, तरी घाईत ‘अशुद्ध’ म्हणून खूण केली जाते.

शब्दयोजनेत हिंदीची छाया पकडायची असते. ‘माझी मदत करा’ नव्हे, ‘मला मदत करा’. ‘गाईचे गोमूत्र’ आणि ‘पिवळा पीतांबर’ ही द्विरुक्तीची उदाहरणे तर इतकी झिजली आहेत की ती आता कोणालाच फसवत नाहीत.

लेखनाच्या चुकांचा निवाडा मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांवर होतो. 1962 मध्ये 14 नियम शासनमान्य झाले, 1972 मध्ये आणखी चार जोडले गेले. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, पण ‘परीक्षा’ तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द) असल्याने ‘परीक्षेला’ दीर्घच राहते. ‘कवी’ दीर्घ, ‘कविराज’ ऱ्हस्व. ‘पारंपारिक’, ‘उज्वल’, ‘आर्शिवाद’ ही रूपे पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांत इतकी दिसतात की ‘पारंपरिक’, ‘उज्ज्वल’, ‘आशीर्वाद’ हीच चुकीची वाटू लागतात.

एकाहून अधिक पर्याय बरोबर ठरणे हे या प्रश्नांचे जुने दुखणे. नियम लेखनाचे आहेत, प्रत्येक वाक्यरचनेचा निकाल त्यांत सापडत नाही. आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवतो. मग कधी उत्तर बदलते, कधी प्रश्नच रद्द होतो.